सांतोरिनीचा अर्धा रस्ता

जुलै आला की आखातातल्या रुवैस गावातली मराठी घरं एकच प्रवास करतात, मुंबईचा. कंपनी वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट देते, शाळेला सुट्टी लागते, आणि बदाम, पिस्ते, दूध पावडरचे डबे, नणंदेच्या मुलांचे बूट हे सगळं बॅगांत कोंबून आपण निघतो. तिथे महिनाभर या घरून त्या घरी जेवत फिरायचं आणि निघालो होतो त्याहून दमून परत यायचं. मी वर्षानुवर्षं हेच केलं. मग एका वर्षी म्हटलं, या खेपेला नाही. या खेपेला ग्रीस.

हल्ली ओळखीतल्या दोघीतिघी सांतोरिनीला जायचं म्हणताहेत आणि मला विचारताहेत, म्हणून लिहिते. गोष्ट जुनी आहे. युरो नुकताच आला होता, फोटो अजून रोलवर निघत होते. भाव आता बदलले असतील. रस्ता आणि ऊन बदललेलं नसणार.

ग्रीसच का, तर लग्नाआधी मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवत होते. ज्वालामुखीच्या धड्यात दरवर्षी फळ्यावर सांतोरिनीची आकृती काढायची. मधला डोंगर उडून गेला, पोकळीत समुद्र शिरला आणि कडेचा भाग फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखा उरला. त्या तुकड्याच्या धारेवरून एक पायवाट जाते, फीरा गावापासून इया गावापर्यंत, दहाएक किलोमीटर. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. माझ्या गुडघ्यांनी नोटीस दिली होती. अल ऐनच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, “चालून घ्या, पुढे जमेल असं नाही.” मला ती वाट चालायची होती.

दुसरं कारण आमच्या घरातलं होतं. माझे यजमान, श्रीकांत, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. कंपनीने त्यांना अजून तीन वर्षं थांबा म्हटलं होतं. सुट्टीवरून परतल्यावर हो की नाही ते कळवायचं होतं. मला पुण्याला परत जायचं होतं आणि ते मी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. रुवैस म्हणजे अबू धाबीच्या पश्चिमेला, समुद्र आणि वाळवंट यांच्या मधे बसवलेलं रिफायनरीचं गाव. घर छान, शेजार छान, वीज कधी जात नाही. पण मी थकले होते, कंटाळले होते. दुपारभर पडदे ओढून बसायला, गुरुवारी अबू धाबीला भाजीला जायला, आणि ‘अजून दोन वर्षं’ हे शब्द ऐकायला. श्रीकांतना काय हवंय ते मात्र कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, “बघू.” फार ताणलं की, “इन्शाल्ला.”

आमची मुलगी केतकी तेव्हा दहावीत होती. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं आणि तिने ते न विचारता दिलं होतं. “आय डोन्ट केअर, जस्ट डिसाइड.”

निघायच्या आदल्या दिवशी घराची किल्ली सलीमभाईंकडे ठेवायला गेलो. सलीमभाई रत्नागिरीकडचे, कॉलनीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. आमच्या कुंड्यांना पाणी घालायचं त्यांनी कबूल केलं आणि मग विचारलं, “भाभी, ग्रीसला आहे काय?”

“ज्वालामुखीचे कडे. काळे-तांबडे दगड.”

“दगड?” त्यांनी वजनकाट्यावरचे कांदे तसेच सोडले. “एवढं विमान करून दगड बघायला? आमच्याकडे या. दगड फुकट, वर मासे खायला.”

अबू धाबीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना वाळू आणि पुढे ट्रकांची रांग असताना, मी पुन्हा विषय काढला. श्रीकांतनी एसी एक घर वाढवला. “तुझं ते इया आहे ना, तिथे चालत पोचलो की उत्तर देतो. तोवर हा विषय बंद.”

“कबूल?”

“कबूल. केतकी साक्षीदार.”

“लीव्ह मी आउट ऑफ धिस,” मागून आवाज आला.

आता कामाचं. आखातात राहणाऱ्यांनी व्हिसासाठी लवकर अर्ज करावा, उन्हाळ्यात गर्दी असते. पगाराचं पत्र, बँकेचे कागद आणि परतीचं तिकीट, हे सगळं मागतात. अथेन्सला विमानाने आणि पुढे बोटीने जावं. बेटावर थेट विमानही जातं, पण बोटीने गेल्याशिवाय ते बेट म्हणजे काय ते समजत नाही. पिरेयस बंदरातून सकाळी निघालेली मोठी बोट संध्याकाळच्या सुमारास पोचवते. आम्ही डेकची तिकिटं काढली, माणशी वीसएक युरो. मी मोठ्याने हिशोब केला. “म्हणजे सत्तर-बहात्तर दिरहम, म्हणजे नऊशे रुपये.” केतकीने कानावर हात ठेवले. “आई, प्लीज, स्टॉप कन्व्हर्टिंग.” तिने सांगितलेलं ऐका. रुपयांत बघितलं तर तिथे पाणीसुद्धा पिववत नाही.

डेकवर वारा जबरदस्त असतो. शाल जवळ ठेवा. प्लास्टिकच्या खुर्च्या लवकर पकडाव्या लागतात. श्रीकांतनी एक पकडली, मान मागे टाकली आणि झोपले. मधे दोन बेटं येऊन गेली, दोर पडले, गाड्या उतरल्या, भोंगे वाजले. त्यांना पत्ता नाही. शिफ्टचा माणूस अशीच झोप घेतो, खड्ड्यात पडल्यासारखी. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि बिस्किटं खात समुद्र बघत बसले.

बोट बेटाच्या आतल्या बाजूला वळली आणि माझा फळा समोर उभा राहिला. कडा सरळ पाण्यातून वर. काळा थर, विटकरी थर, राखेचा थर, पुन्हा काळा. वर, अगदी धारेवर, पांढरी घरं, कोणीतरी मीठ सांडल्यासारखी. मी केतकीला थर दाखवायला लागले. तिने निम्मं ऐकलं, तेही पुष्कळ झालं. “बाबा, वेक अप, आईज वोल्कॅनो इज हिअर,” असं म्हणून तिने वडिलांना उठवलं. त्यांनी डोळे चोळत वर पाहिलं. “अरे बापरे. एवढं चढायचं?”

चढायचं नसतं. बंदरावर बस उभी असते, ती वळणं घेत वर नेते. जुन्या बंदरावरून वर यायला गाढवं आणि रोपवे आहे. गाढवावर बसू नका. पायऱ्या शेणाने भरलेल्या, जनावरं घामाघूम. मला ते बघवलं नाही.

आम्ही फीराच्या थोडं बाहेर, कार्टेराडोस नावाच्या गावात उतरलो. कड्यावरच्या खोल्यांचे भाव विचारूच नयेत. इथे निम्म्याहून कमी पैशांत मागच्या अंगणाची खोली मिळाली. मालकीण मारिया, माझ्याच वयाची, काळ्या कपड्यातली आणि माझ्यासारखीच कमी हसणारी. आमचं जमलं. जेवणाची काळजी शाकाहारी माणसाने करू नये. तिथे ‘फावा’ नावाचा प्रकार मिळतो, तो म्हणजे आपलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटोची भजी मिळतात. आणि दही असं की पंच्यात बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखं, वर मध. मी मेतकुटाची पिशवी नेली होती, ती न उघडता परत आणली.

पहिले दोन दिवस आक्रोतिरीला दिले. राखेखाली गाडलं गेलेलं जुनं गाव तिथे खणून काढलंय. दुमजली घरं, रांजण, जिने. आधी चौकशी करून जा, सोमवारी अशा जागा बंद असतात. आम्ही आखातातली माणसं, शुक्रवारची सुट्टी डोक्यात बसलेली, बाकी वार आम्हाला सारखेच. पहिल्या फेरीला कुलूप बघून परत आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. श्रीकांत त्या रांजणांपाशी बराच वेळ उभे होते. “लोक वेळेवर निघून गेले म्हणतात. सांगाडे सापडलेच नाहीत,” मी पुस्तकातलं सांगितलं. ते म्हणाले, “विषय बंद ठरलाय ना?” मी खरोखर भूगोलच सांगत होते.

मग चालायचा दिवस. पहाटे निघायचं ठरलं होतं. मी तयार होते. श्रीकांत उठले दहाला. त्यांना उठवायला मी दोनदा गेले आणि चेहरा बघून परत आले. घरी त्यांना असं झोपलेलं मी क्वचित बघितलं होतं. आवरून, खाऊन बाहेर पडेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला. मारिया अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने आमचे बूट पाहिले आणि चिमटा हवेत हलवला.

“नो. नॉट नाऊ. मॉर्निंग, ऑर आफ्टर सिक्स.”

श्रीकांत हसले. “मॅडम, वी लिव्ह इन अबू धाबी. फॉर्टी-एट डिग्रीज!”

तिने आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “यू वॉक देअर? इन फॉर्टी-एट?”

“एव्हरी डे,” श्रीकांत म्हणाले. आम्ही कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. उन्हाची भीती आम्हाला कसली? आम्ही उन्हातच राहतो की. तिने खांदे उडवले. “ओके. टेक मोर वॉटर.” आमच्याकडे एक बाटली होती. पुढे मिळेल म्हटलं.

फीरापासून इमेरोविग्लीपर्यंतची वाट सोपी आहे, फरशीची. दुकानं, पायऱ्या, निळे दरवाजे, खाली समुद्र. तिथपर्यंत कोणीही जावं, लहान मुलांनाही नेता येईल. तिथे पाणी विकत मिळतं. आम्ही घेतलं नाही, कारण वारा होता. हे नीट लक्षात ठेवा. त्या बेटावर उन्हाळ्यात सतत वारा असतो, घाम अंगावर थांबत नाही आणि आपण तापतोय हे कळत नाही. श्रीकांत पुढे होते, शिट्टी वाजवत. इमेरोविग्लीनंतर फरशी संपते. मग खडी, मुरूम, चढ, उतार, पुन्हा चढ. झाड नाही. सावली म्हणून भिंतसुद्धा नाही.

बाटली कधी संपली ते कळलं नाही. शिट्टी थांबली ते कळलं. एका चढावर श्रीकांत उभे राहिले आणि म्हणाले, “पाय आखडलेत.” मी जवळ गेले. तोंड लाल आणि कोरडं. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं.

“चक्कर येतेय का?”

“थोडी. हा चढ झाला की बसू.”

“आत्ता बसायचं.”

“अगं, इया दिसतंय ते बघ...”

इया दिसत होतं, लांब, धारेच्या टोकाला. आणि ते तिथेच राहणार होतं. चढावर पुढे एक छोटं पांढरं देऊळ होतं, कुलूपबंद, त्याच्या भिंतीशी हातभर सावली. मी एका बाजूने धरलं, केतकीने दुसऱ्या. ते सावलीत टेकले आणि लगेच उठायला लागले. तेव्हा केतकीने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि दाबून खाली बसवलं.

“बाबा, बसा. हलायचं नाही. आई, त्यांचे बूट काढ. मी पाणी आणते.”

सगळं मराठीत. ती जन्मल्यापासून मी मराठीत बोलत आले आणि ती इंग्रजीत उत्तर देत आली. आज हुकूम सोडायची वेळ आली तर मराठीत. मी मुकाट्याने बूट काढले. ती उतारावरून डांबरी रस्त्याकडे धावत गेली, तिथे एक टपरी आम्ही वरून पाहिली होती.

देवळाच्या भिंतीशी आम्ही दोघंच राहिलो. मी ओढणीने वारा घालत होते. माझा गुडघा ठणकत होता, पण तो सांगायची ती वेळ नव्हती.

“आपल्याला उन्हाची सवय आहे असं वाटलं होतं,” श्रीकांत म्हणाले.

“आपल्याला एसीची सवय आहे.”

ते डोळे मिटून हसले. “खरंय. घरातून गाडी, गाडीतून कंट्रोल रूम. इतकी वर्षं त्या उन्हाच्या गावात राहिलो आणि ऊन काचेतूनच बघितलं.” मग म्हणाले, “पुण्यात मी काय करणार, सांग. तुझ्या शिकवण्या सुरू होतील, तुझ्या मैत्रिणी आहेत. माझे मित्र सगळे तिथेच, शिफ्टचे. सकाळी उठून कुठे जायचं मी? बँकेत पासबुक भरायला?”

“हे उत्तर समजू का?”

“उत्तर इयाला. हे कारण आहे.”

मला रागावता आलं असतं, शब्दही तयार होते. पण त्यांचे पाय माझ्या मांडीवर होते, मोजे काढलेले, मऊ, गोरे पाय, कधी न चाललेल्या माणसाचे. मी म्हटलं, “बोलू नका. तोंड कोरडं पडतंय.” तेवढंच.

केतकी आली ती दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या आणि काखेत मिठाच्या चिप्सचं पाकीट घेऊन. टपरीवाल्याने वाटेवरून खाली यायला सोपी जागा दाखवली होती आणि बस कुठे थांबते तेही. घोट घोट पाणी, डोक्यावर ओला रुमाल. अंगाची आग उतरल्यावर आम्ही हळूहळू रस्त्यापर्यंत गेलो आणि बसने उलट फीराला आलो. मारियाने दारातच श्रीकांतचा चेहरा पाहिला. ‘सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. दही, काकडी आणि मीठ आणून ठेवलं, आणि खिडकी लावून घेतली.

पुढचा दिवस खोलीत गेला. डॉक्टरकडे न जाता निभावलं हे आमचं नशीब, तुम्ही तो धोका घेऊ नका. पहाटे सहाला निघा, माणशी दोन बाटल्या घ्या, आखातात राहता म्हणून फुशारक्या मारू नका.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही इयाला बसने गेलो, एक युरो आणि काही सेंट माणशी. मी रुपये केले नाहीत. इया सुंदर आहे, फोटोंत असतं तेवढंच. सूर्यास्ताला पडक्या किल्ल्यापाशी इतकी गर्दी होते की जागा धरायला दोन तास आधी बसावं लागतं. केतकी पुढे कठड्यापाशी गेली. आम्ही मागे एका भिंतीवर बसलो, आणि श्रीकांत भिंतीला टेकून झोपले. सूर्य पाण्यात उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरोखर, कार्यक्रम संपल्यासारख्या. मी श्रीकांतना उठवलं नाही. मी सूर्यास्त थोडाच पाहिला. बघत होते ते शेजारच्या माणसाला. तोंड उघडं, गळ्याशी सैल पडलेली कॉलर, टाळ्यांनी न उठणारा. आणि मला वाटलं, मी दमलेय असं वर्षभर ओरडून सांगतेय. हा माणूस तेच झोपून सांगतोय.

गर्दी पांगताना ते जागे झाले. “झाला?”

“झाला.”

“कसा होता?”

“रुवैसला होतो तसाच. टाळ्या जास्त.”

ते उठून कपडे झटकत म्हणाले, “आपण चालत आलो नाही. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या...”

“मी विचारलंय का?” मी म्हटलं. खरंच विचारायचं राहिलं नव्हतं. तीन वर्षं तर तीन. वादाला लागणारी ताकदही मी त्या चढावर ठेवून आले होते.

परतलो तेव्हा रुवैसला ऑगस्ट होता. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ. सलीमभाईंनी कुंड्या जगवल्या होत्या. मी त्यांना काळा-तांबडा दगड दिला, त्यांच्याच दुकानासमोर उचललेला नव्हे, सांतोरिनीच्या किनाऱ्यावरचा, लहानसा. त्यांनी तो काट्यावर टाकून पाहिला. “हलका आहे, भाभी. फसवलं तुम्हाला.”

शनिवारी श्रीकांत कामावर गेले. दुपारी जेवायला आले, पानावर बसले, वरणात लिंबू पिळलं आणि म्हणाले, “एक वर्ष सांगून आलो.”

मी पोळी हातात धरून उभी.

“तीन नाही. केतकीची दहावी होईपर्यंत. पुढे खलास. मॅनेजर म्हणाला, हबीबी, विचार कर. म्हटलं, केलाय, बसून.”

केतकीने ताटातून मान वर केली. “फायनली,” ती म्हणाली, आणि मग मराठीत, “बरं केलंत.”

मला ते एक वर्षही नको होतं. आजही वाटतं, तेव्हाच निघायला हवं होतं. पण ‘बघू’ न म्हणता या माणसाने आकडा सांगितला होता आणि तो मी मागितलेला नव्हता. ग्रीसमधून एवढं आलं. तिथे काढलेल्या दोन रोलमधले अर्धे फोटो वाऱ्याने हललेले निघाले. कड्याचे थर एका फोटोत स्पष्ट दिसतात, तो अजून माझ्या टेबलावर आहे. धारेवरचा उरलेला रस्ता आम्ही पुढे कधीच चाललो नाही. पुढच्या जुलैत सामान बांधत होतो, आणि त्यानंतर गुडघ्याने आपला शब्द खरा केला.

त्याच शनिवारी संध्याकाळी श्रीकांतनी गाडीची किल्ली उचलली, परत खुंटीला लावली आणि बूट घातले. “चल. सवय करायला हवी.” आम्ही कॉलनीच्या रस्त्याने निघालो. हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटत होती, लांब रिफायनरीची ज्योत पेटलेली. कोपऱ्यापर्यंत जातो न जातो तोच एक गाडी थांबली. त्या गावात कोणी पायी दिसला की गाडी बंद पडली असंच धरतात. काच खाली झाली. सलीमभाई.

“काय साहेब, गाडी खलास? बसा, बसा, सोडतो.”

“गाडी ठीक आहे. चालतोय.”

“चालताय? या हवेत? कुठे?”

“इयाला,” श्रीकांत म्हणाले. “अर्धा रस्ता राहिलाय.”

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. “भाभी, डॉक्टरला दाखवलंत का?”

“दाखवलंय,” मी म्हटलं. “चाला म्हणालेत.”

श्रीकांत पुढे निघाले होते. दोन्ही हातांत एकेक बाटली होती, भरलेली.